आंबिलीचा मान

एप्रिलच्या दुपारी तारापूर एमआयडीसीत पहिली पाळी सुटते, तेव्हा गेटाबाहेर पडणाऱ्या कामगारांचे शर्ट नीट पाहा. पाठीवर, काखेत पांढऱ्या रेघा उमटलेल्या असतात. वाळलेल्या घामाचं ते मीठ. बॉयलरजवळ, भट्टीजवळ आठ तास उभं राहिल्यावर अंगातून किती पाणी आणि किती मीठ गेलं, याचा हिशेब त्या शर्टावर असतो. मग तो माणूस बोईसरच्या रस्त्यावर टपरीवर थांबतो आणि थंडगार कोलाची बाटली तोंडाला लावतो. तिच्यात साखर भरपूर आणि मीठ जवळपास नाही. शरीराला हवं होतं एक, मिळालं दुसरं.

आपल्या पट्ट्यातला उन्हाळा विदर्भासारखा पंचेचाळीस अंशांचा नसतो, म्हणून आपण त्याला हलक्यात घेतो. पालघर, बोईसर, केळवे, डहाणू इथे पारा पस्तीस-छत्तीसच्या आसपास असला, तरी हवेत समुद्राची दमट वाफ असते. घाम येतो, पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या मैदानावर भर उन्हात झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने 14 माणसं गेली. खारघर आपल्यासारखंच खाडीकाठचं. कोकणपट्टीत उन्हाने माणूस मरत नाही, हा समज त्या दिवशी संपायला हवा होता.

उन्हाशी शहाणपणाने वागणारा एक मुलुख मला नेहमी आठवतो, तो म्हणजे दक्षिण स्पेनमधला अंदालुसिया. सेव्हिल आणि कोर्दोबा या शहरांत उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणं नेहमीचं. तिथे जुलै-ऑगस्टात घराघरांतल्या फ्रीजमध्ये गास्पाचो नावाचं थंड सार ठेवलेलं असतं. पिकलेले टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची, लसूण, शिळा पाव, ऑलिव्ह तेल, व्हिनेगर आणि मीठ एकत्र वाटायचं, गाळायचं, गार करायचं आणि पेल्याने प्यायचं. चुलीला हात लावायचा नाही. जेवणाआधी पितात, मधल्या वेळी पितात, कामावरून आल्या आल्या पितात.

त्याची जन्मकथा शेतमजुरांची आहे. ऑलिव्हच्या बागांत आणि गव्हाच्या शेतांत राबणाऱ्या माणसांना न्याहारी म्हणून मिळायचा तो शिळा पाव, थोडं तेल, लसूण, व्हिनेगर आणि मीठ. ते लाकडी कुंड्यात कुटायचं, त्यात पाणी घालायचं आणि भुरकायचं. टोमॅटो तर त्यात फार उशिरा आला, कारण तो मुळात अमेरिका खंडातला. कोर्दोबाकडे याचाच दाट भाऊ आहे साल्मोरेखो, वर उकडलेलं अंडं घातलेला. मालागाकडे टोमॅटोशिवायचा, बदाम-लसणाचा पांढरा आहोब्लांको करतात आणि त्यात द्राक्षं सोडतात. हे सगळं भाकरतुकडा वाया जाऊ नये म्हणून गरिबांनी केलेलं अन्न. आज तेच माद्रिदच्या महागड्या हॉटेलात काचेच्या पेल्यातून मिळतं आणि वाण्याच्या दुकानात दुधासारखं खोक्यातूनही विकलं जातं. मजुराचं खाणं म्हणून कोणी नाक मुरडलं नाही.

आपला किनारा स्पेनला अगदीच परका नाही. वसई 1534 मध्ये पोर्तुगिजांकडे गेली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तारापूर, वसईसह हा सगळा टापू मराठ्यांकडे आला. मधली साठ वर्षं, 1580 ते 1640, पोर्तुगाल आणि स्पेनच्या गादीवर राजा एकच होता. म्हणजे सेव्हिलचा मजूर आणि तारापूरचा कोळी तेवढा काळ एकाच मुकुटाखाली होते. डहाणू-घोलवडच्या ज्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं मूळही मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत. तिथून तो स्पॅनिश काळात फिलिपिन्सला पोचला. घोलवडच्या वाडीत सावलीला बसून चिकू खाताना हा प्रवास डोळ्यांपुढे आणायला मला आवडतं.

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर वालेन्सियात ओर्चाता मिळतं. चुफा नावाच्या गवताच्या छोट्या गाठी भिजवून, वाटून, गाळून केलेलं ते गोड, दुधाळ, गार पेय. चुफा म्हणजे आपल्या नागरमोथ्याचा सख्खा भाऊ. ज्या लव्हाळ्याला आपला शेतकरी रान म्हणून उपटून बांधावर फेकतो, त्याच्या भावाला तिथे मुद्दाम वाफे करून वाढवतात. दारू मिसळलेली पेयंही तिथे आहेत, पण उन्हात राबणाऱ्याला ती देऊ नयेत, म्हणून त्यांना इथे जागा नाही. पाणी ठेवायला त्यांच्याकडे बोतीखो हे चोचीचं मातीचं भांडं असतं. मातीतून पाणी झिरपतं, वाऱ्यावर उडतं आणि आतलं गार होतं. आपल्या माठाचं कामही असंच चालतं. पण किनाऱ्यावरच्या दमट हवेत माठ कोरड्या मुलखाइतका गार होत नाही. तो वाऱ्याच्या झोतात ठेवावा लागतो आणि त्यावरचं फडकं ओलं राखावं लागतं, हे जाणून असावं.

आता आपल्याकडे वळू. जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या डोंगरउतारांवर, वरकस जमिनीत, पावसाळ्यात नागली होते. त्या नागलीची आंबील हे आपलं गास्पाचो, आणि ती त्याच्याहून जास्त पोटभर आहे. नागलीचं पीठ रात्री पाण्यात भिजवून झाकून ठेवायचं. उन्हाळ्यात सकाळपर्यंत ते आंबतं, वास बदलतो, वर बारीक बुडबुडे येतात. मग पाणी उकळून त्यात ते पीठ ढवळत सोडायचं, गुठळ्या होऊ द्यायच्या नाहीत, चांगलं शिजवायचं आणि मडक्यात निवू द्यायचं. पिताना ताक, मीठ आणि ठेचलेला लसूण घालायचा. कोणी बारीक कांदा घालतं, कोणी बरोबर सुकटीची चटणी घेतं. आंबल्याने पीठ पचायला हलकं होतं. 100 ग्रॅम नागलीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि गव्हा-तांदळात त्याच्या जवळपासही नसतं. पाणी, मीठ, आंबटपणा आणि भूक भागवणारा दाणा, हे चारही एका वाडग्यात आहेत. पाळी सुटलेल्या कामगाराला यापेक्षा वेगळं काय हवं?

तरीही आंबील म्हटलं की पाड्यावरचं, गरिबाघरचं, असा चेहरा होतो. त्या पाड्यांवरची मुलं आता बोईसरला कंत्राटी कामाला येतात आणि डब्यात आंबील आणायला लाजतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. उत्तर प्रदेश-बिहारहून आलेला कामगार मात्र सत्तूचं पीठ, मीठ, लिंबू आणि कांदा पाण्यात ढवळून सर्वांदेखत पितो. त्याचं तो अगदी बरोबर करतो.

ताडाचीही हीच गत. मार्च ते मेमध्ये पालघर-मनोर रस्त्यावर, केळव्याला जाताना, डहाणूच्या बाजारात ताडगोळे मिळतात. ताडात नर-मादी झाडं वेगळी असतात आणि गोळे फक्त मादीला लागतात. झाड लावल्यापासून फळ यायला दहा-बारा वर्षांहून जास्त काळ जातो. म्हणजे आज आपण खातो ते गोळे कुणीतरी एका पिढीआधी राखलेल्या झाडाचे असतात. नीरा पहाटे उतरवावी लागते. उन्हं चढली की ती आंबून ताडी व्हायला लागते. म्हणून मडक्याला आतून चुना लावतात आणि विक्री सकाळीच उरकतात. जून 2020 मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने डहाणूत नीरा आणि ताडगुळाचा प्रकल्प सुरू केला आणि 200 कारागिरांना अवजारं दिली. हे काम वाढायला हवं. झाडावर चढणाऱ्याचा जीव दोरावर असतो, पण त्याच्या नीरेला बाटलीबंद सरबताएवढाही भाव आपण देत नाही.

गास्पाचो घरी करून बघायचा असेल, तर पालघरच्या बाजारातून लाल, मऊ टोमॅटो आणा. दोन काकड्या, अर्धी ढोबळी मिरची, लसणाची एक पाकळी आणि कालचा पाव पुरे. ऑलिव्ह तेल दोन चमचेच घाला, पण तेच घाला. शेंगदाण्याच्या तेलाचा वास इथे जुळत नाही. व्हिनेगरऐवजी कोकमाचं आगळ घालून मी बघितलं आहे. रंग जरा काळपट होतो, पण चव आपली वाटते. गार करताना बर्फ थेट घालू नका, पाणचट होतं. ताडगोळ्याच्या बारीक फोडी वर घातल्या तर फार छान लागतं.

स्पेन नुसता गास्पाचो पिऊन थांबला नाही. जुलै 2022 मध्ये माद्रिदच्या रस्त्यावर झाडू मारणारा एक सफाई कामगार उष्माघाताने गेला. त्यानंतर मे 2023 मध्ये तिथल्या सरकारने हवामान खात्याचा तीव्र उष्म्याचा इशारा असेल तेव्हा उघड्यावरच्या कामाच्या वेळा बदलायचा किंवा कमी करायचा नियम केला.

तारापूर एमआयडीसीतल्या कारखानदारांना, कँटीन चालवणाऱ्यांना आणि कामगार संघटनांना माझं सांगणं एवढंच आहे: गुढीपाडव्यापासून मृगाचा पाऊस येईपर्यंत प्रत्येक पाळीत आंबिलीचा एक मोठा डेरा आणि मीठ घातलेल्या ताकाचा दुसरा डेरा ठेवा. नागली जव्हार-मोखाड्याच्या बचत गटांकडून घ्या, म्हणजे पैसा जिल्ह्यातच राहील. खर्च कोलाच्या बाटल्यांपेक्षा कमी येईल. आणि पहिला वाडगा मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर प्यावा.