'करप्ट' झालं म्हणजे नेमकं काय झालं?

आमच्या धंद्यातला मला सगळ्यात नावडता शब्द म्हणजे 'करप्ट'. "मॅडम, प्रोजेक्ट करप्ट झालाय." "हार्ड डिस्क करप्ट झाली वाटतं." "कार्डच करप्ट निघालं हो!" आमच्या आत्याला या शब्दाचा एकच अर्थ माहीत आहे आणि तो सरकारी कचेऱ्यांशी संबंधित आहे. माझं फोनवरचं बोलणं ऐकून तिने एकदा फार काळजीने विचारलं होतं, "कोण गं पैसे खातंय तुझ्याकडे?"

हसण्यावारी नेलं तेव्हा. पण नंतर वाटलं, दोन्ही अर्थांत साम्य आहे की! एकदा 'सगळं करप्ट आहे' म्हटलं की पुढची चौकशी थांबते. कुठे बिघडलं, कधी बिघडलं, कोणाच्या हातून बिघडलं, काही विचारायला नको. नशिबाला बोल लावायचा आणि मोकळं व्हायचं. माझं म्हणणं असं की व्हिडिओ एडिटिंगमध्ये जे कायमचं हातचं जातं, त्यातलं बरंचसं या न विचारलेल्या प्रश्नांमुळे जातं. मूळ बिघाड अनेकदा किरकोळ असतो. त्यानंतरच्या अर्ध्या तासात घाबरून जे केलं जातं ते महागात पडतं.

घरच्या मंडळींसाठी आधी थोडं सोपं करून सांगते (जाणकारांनी हा परिच्छेद ओलांडून जावा). मी ज्याला 'प्रोजेक्ट' म्हणते त्यात चित्र नसतं. ती पाककृतीची वही. अमक्या शॉटमधले अमुक सेकंद घ्या, मग तमका शॉट, त्यावर हे संगीत, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. खरं चित्रीकरण, ज्याला आम्ही फुटेज म्हणतो, ते वाणसामान. आणि हार्ड डिस्क म्हणजे फडताळ. वही काही एमबींची, सामान शेकडो जीबींचं. आता वहीचं पान फाटलं, तांदळाला कीड लागली किंवा फडताळच कोसळलं, या तीन अगदी वेगळ्या आपत्ती आहेत ना? पण आमच्याकडे तिन्हींना एकच नाव. करप्ट!

मग ओळखायचं कसं? एकेक बघू.

टाइमलाइन उघडते, कट सगळे जागच्या जागी आहेत, पण चित्राऐवजी लाल पडद्यावर 'मीडिया ऑफलाइन' दिसतंय. म्हणजे वही शाबूत आहे, सामान सापडत नाहीये. नव्वद टक्के वेळा, असं मी आकड्याबिकड्याने सांगणार नाही, पण पुष्कळदा कोणीतरी फोल्डरचं नाव बदललेलं असतं किंवा विंडोजने डिस्कला 'ई'ऐवजी 'एफ' हे अक्षर दिलेलं असतं. एडिटर रडकुंडीला येतो आणि उपाय असतो रिलिंक करण्याचा, पाच मिनिटांचा.

चित्र अडखळतंय, पण दिसतंय. हा बहुधा बिघाड नसतोच, हिशोब असतो. फोरके यूएचडीमधलं प्रोरेस ४२२ एचक्यू, २५ फ्रेमचं, सेकंदाला साधारण ९२ एमबी मागतं. साध्या फिरत्या डिस्कवरून असे दोन शॉट एकावर एक वाजवायला गेलात तर तिची दमछाक होणारच. तिला करप्ट म्हणणं म्हणजे बैलाला विमानाची शर्यत हरला म्हणून मारण्यासारखं आहे. प्रॉक्सी बनवा, काम करा.

डिस्क मध्येच गायब होते, परत येते, कॉपी अर्ध्यावर थांबते. इथे पहिला संशय केबलवर घ्यावा. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, तिला स्मार्ट म्हणतात, आणि ती वाचणारी फुकट सॉफ्टवेअरं मिळतात. त्यात १९९ क्रमांकाचा, म्हणजे सीआरसी चुकांचा, आकडा वाढत असेल तर बहुतेक वेळा डिस्क ठीक असते, केबल किंवा जोडणी खराब असते. पण ५, १९७ किंवा १९८ या क्रमांकांपुढचे आकडे वाढताना दिसले तर मात्र डिस्कचे भाग खरोखर निकामी होऊ लागलेत. त्या डिस्कवर विश्वास ठेवायचे दिवस संपले. एका ओळखीच्या निर्मात्याने नवी डिस्क परत करायला काढली होती आणि दोष होता घरातल्या फोन चार्जरच्या केबलचा. ती केबल अजून त्याच घरात आहे, फोनच चार्ज करते बिचारी.

आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर वायर काढा. लगेच. तिथे सॉफ्टवेअरचं काही काम नाही. ती आता डिस्क उघडून दुरुस्त करणाऱ्या प्रयोगशाळेची केस आहे.

आता मुख्य मुद्दा. वरचं सगळं ओळखता येवो न येवो, एक नियम मी माझ्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला सांगते: आधी हात मागे. ज्या डिस्कवरून काही गेलंय त्या डिस्कवर एक अक्षरही नवं लिहायचं नाही.

हे मी का सांगते त्याला कारण आहे. दोनेक वर्षांपूर्वी एक तरुण दिग्दर्शक आला होता. आपल्या आजोळच्या गावावर माहितीपट करत होता, चाळीसेक तासांचं चित्रीकरण, सगळं एकाच डिस्कवर. डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली. मॅकवरही चालते, विंडोजवरही चालते म्हणून आमच्यात ही फार लाडकी, पण तिला जर्नल नसतं. म्हणजे लिहिता लिहिता वायर उपटली तर काय अर्धवट राहिलं याची नोंदच तिच्याकडे नसते. तेच झालं होतं. अनुक्रमणिका बिघडली होती, मजकूर सगळा जागेवर होता. इथे थांबला असता तर संध्याकाळपर्यंत सगळं काढून दिलं असतं.

पण कॉम्प्युटरने विचारलं, "ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायला हवी, करू का?" आणि त्याने 'हो' म्हटलं. तरीही ठीक होतं, क्विक फॉरमॅटने फिरत्या डिस्कवरचा मजकूर पुसला जात नाही. मग त्याने मित्राच्या सांगण्यावरून रिकव्हरीचं सॉफ्टवेअर उतरवलं. आणि सापडलेल्या फायली ठेवल्या कुठे? त्याच डिस्कवर! प्रत्येक वाचवलेली फाइल न वाचवलेल्या दुसऱ्या फायलीच्या डोक्यावर जाऊन बसत होती. असं तीन सॉफ्टवेअरं, तीन रात्री.

माझ्याकडे आला तोवर निम्म्याहून जास्त गेलं होतं. त्यात त्याच्या आजोबांची मुलाखत होती. आजोबा मधल्या काळात वारले होते. आम्हाला त्यातली अकरा मिनिटं मिळाली, शेवटची काही तर नुसत्या आवाजाची. तो ती ऐकत बसला होता आणि मी चहा करायच्या निमित्ताने उठून गेले. कोणी काय बोलणार?

म्हणून क्रम लक्षात ठेवा. दुरुस्ती नंतर, प्रत आधी. मरू घातलेल्या डिस्कवर विंडोजचं चेकडिस्क चालवू नका. ते अनुक्रमणिका नीट करायला बसतं, मजकूर वाचवायला नाही, आणि आजारी डिस्कला आणखी दमवतं. डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. ते सोपे भाग आधी वाचून घेतं आणि अवघड जागी नंतर परत येतं. मग जे काय प्रयोग करायचे ते त्या प्रतीवर. एसएसडी असेल तर अजून घाई नको आणि अजून उशीरही नको. तिथे पुसलेली जागा 'ट्रिम' नावाची व्यवस्था आपणहून साफ करून टाकते, नंतर शोधून काही हाती लागत नाही.

कॅमेऱ्याची बॅटरी मध्येच गेल्याने न उघडणाऱ्या एमपी४ फायलींचंही असंच. त्यांचा 'मूव्ह' नावाचा नकाशा बऱ्याच कॅमेऱ्यांत चित्रीकरण थांबवताना शेवटी लिहिला जातो, तो राहून गेलेला असतो, बस. चित्र आत असतं. त्याच कॅमेऱ्यातली, त्याच सेटिंगची एक धडधाकट फाइल नमुना म्हणून दिली तर अनट्रंकसारखं साधन नकाशा परत बांधू शकतं. कार्ड फॉरमॅट करून "जाऊ दे, करप्ट होती" म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

बाकी प्रोजेक्टच खरोखर बिघडला असेल तर त्यातल्या त्यात ती सुखाची आपत्ती! प्रीमियरमध्ये नवा रिकामा प्रोजेक्ट उघडून त्यात जुना इम्पोर्ट करावा, निम्मी प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर एकेक सीक्वेन्स आणावा. मीडिया कॅशे पुसून बघावा. एखाद्याच जागी बंद पडत असेल तर प्रत काढून अर्धी टाइमलाइन उडवावी, चालली तर दोष उडवलेल्या अर्ध्यात. असं अर्धं अर्धं करत गेलं की एखादा इफेक्ट किंवा एखादी फाइल रंगेहाथ सापडते. ॲव्हिडवाल्यांनी आधी 'ॲटिक' फोल्डर बघावा, बिनांच्या जुन्या प्रती तिथे असतात. आणि मीडिया सापडेनासा झाला तर एमएक्सएफच्या फोल्डरमधल्या एमडीबी आणि पीएमआर या दोन फायली काढून टाकाव्यात, ॲव्हिड त्या नव्याने बांधतं. रिझॉल्व्हवाल्यांची गोष्ट वेगळी. तिथे प्रोजेक्ट डेटाबेसमध्ये राहतो, बहुधा कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर. फुटेजच्या डिस्कची प्रत काढून निर्धास्त झालेले लोक लॅपटॉप बदलल्यावर जागे होतात. डीआरपी एक्स्पोर्ट करून ठेवत जा, बाबांनो. प्रीमियरचा ऑटोसेव्हही आपण वेगळं सांगितलं नाही तर प्रोजेक्टच्याच शेजारी साठत असतो. घराची दुसरी किल्ली त्याच कुलपाला लटकवून ठेवल्यासारखं.

आता कोणी म्हणेल, हे सगळं आपल्यासारख्या छोट्या लोकांचं, मोठ्या कंपन्यांत असं होत नाही. होतं की! १९९८ साली पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी २'चं काम चालू असताना कोणीतरी पुसण्याची आज्ञा चुकीच्या जागी दिली आणि लोकांच्या डोळ्यांदेखत सिनेमातली पात्रं एकेक करून नाहीशी होऊ लागली. बॅकअप होता, पण तो नीट चालत नव्हता हे तोवर कोणी तपासलंच नव्हतं. सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिकेमुळे. नुकतंच बाळ झाल्याने ती घरून काम करत होती आणि तिच्या घरच्या मशीनवर प्रत होती. ते मशीन ब्लँकेटात गुंडाळून, गाडीत जपून ऑफिसात आणलं गेलं. (गंमत म्हणजे पुढे त्या सिनेमाचा बराचसा भाग कंपनीने स्वतःच रद्द करून नव्याने केला. पण तो त्यांनी निवडून केला, यातच सगळं आलं.)

या गोष्टीतून लोक "बॅकअप घ्या" एवढंच शिकतात. बॅकअप तर त्यांच्याकडेही होता! उघडून न बघितलेली प्रत मी प्रत मानत नाही. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१चा नियम आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक वेगळ्या जागी. त्यात मी एवढंच जोडते की महिन्यातून एकदा त्यातली कुठलीही एक फाइल उघडून वाजवून बघा. आणि चार डिस्कांची रेडची पेटी घेतली म्हणजे झालं, असंही नाही. एक डिस्क मेली तर ती पेटी तारेल, पण तुम्ही चुकून पुसलंत तर चारही डिस्कांवरून तितक्याच इमानदारीने पुसेल.

"मग क्लाउडवर टाक ना!" हा भाच्याचा सल्ला. टाकते, प्रोजेक्ट फायली रोज टाकते. पण एक टीबी फुटेज ५० एमबीपीएसच्या अपलोडने चढवायला, मध्ये काही तुटलं नाही तर, साधारण ४४ तास लागतात. एका लग्नाचं फुटेज त्याहून जास्त भरतं.

लग्नावरून आठवलं, खरं दुखणं इथे आहे. दुसरी डिस्क कोणी घ्यायची? ग्राहकाला वाटतं एडिटरकडे आहेच. एडिटरला वाटतं ग्राहकाला सगळं दिलंय. आणि सहा वर्षांनी फोन येतो, "आमच्या आईचा आवाज त्या व्हिडिओत होता, ओरिजिनल असेल ना तुमच्याकडे?" मंडपाच्या फुलांच्या बिलात सहज लपून जाईल इतक्या पैशांत तो आवाज दोन ठिकाणी राहिला असता. पण कोटेशनमध्ये ती ओळ घालायला आम्ही एडिटर लाजतो, समोरच्याला ती घासाघीस करून उडवता येते म्हणून.

माझं मत स्पष्ट आहे. ही ओळ कोटेशनमध्ये पहिली हवी आणि तिच्यावर घासाघीस नको. फुटेज किती महिने सांभाळू, त्यानंतर पुसू, हे तारखेसकट लिहून द्यावं. कोरडं वाटतं, नात्यातल्या लोकांना तर फारच लागतं. "अगं, घरचंच कार्य आहे, कागद कसले करतेस!" पण घरचं कार्य आहे म्हणूनच. परक्याची जाहिरात गेली तर ती परत चित्रित करता येते, आत्याची सत्तरी परत येत नाही.

तेव्हा समस्त नातेवाईक मंडळींना नम्र सूचना: तुमच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी, ती एक काळी डिस्क आहे ना? या रविवारी ती लावून बघा, दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि ती दुसरी डिस्क बहिणीच्या घरी ठेवा. आणि कॉम्प्युटरने फॉरमॅट करू का म्हणून विचारलं तर 'नाही' म्हणा आणि मला फोन करा. कितीही वाजले असले तरी चालेल.