चावी फिटरच्या खिशातच हवी

सिल्वासाजवळच्या सायलीतल्या कारखान्यात डीजीच्या, म्हणजे डिझेल जनरेटरच्या, सर्व्हिसिंगला गेलं की सुपरवायझर लांबूनच ओरडून सांगतो, "डीजी बंदच आहे, लागा कामाला." मी विचारतो, पॅनेल कशावर आहे? "ऑटोवर." मग तो डीजी बंद नाही. लाईट गेली की पॅनेलला ते कळतं, काही सेकंदांत ते सेल्फ मारतं आणि पाचशे केव्हीएचं इंजिन पंधराशे आरपीएमला पोचतं. त्या वेळी फॅन बेल्ट बघायला कुणी आत हात घातला असेल, तर तेवढं मात्र पॅनेलला कळत नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. मोठ्या डिझेल इंजिनवर जो माणूस काम करतो, त्याला स्वतःचं कुलूप लावू द्या, आणि काम संपेपर्यंत त्या कुलपाची चावी त्याच्याच खिशात राहू द्या. सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये नको, गेटवरच्या खिळ्यावर नको. सायली, मसाट, राखोली, खडोली या पट्ट्यात मी ज्या कारखान्यांत जातो, त्यांतल्या थोड्याच ठिकाणी हे होतं. बाकी ठिकाणी पुठ्ठ्यावर "काम चालू है" लिहून तो पॅनेलला अडकवतात. पंखा लावला की पुठ्ठा खाली पडतो.

मी मूळचा जळगाव जिल्ह्यातला. आयटीआयला मेकॅनिक डिझेलचा ट्रेड केला आणि करसवलतींच्या मागे कारखाने सिल्वासाला येत होते त्या काळात त्यांच्या मागोमाग इकडे आलो. इथल्या डीजींमध्ये आम्हाला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटायचं, कारण बरीचशी इंजिनं पुण्याची. खडकीची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 ची, कोथरूडची किर्लोस्कर-कमिन्स 1962 ची. पॉलिस्टर यार्नच्या कारखान्यात लाईट क्षणभर जरी गेली तरी सगळ्या मशिनींवरचे धागे तुटतात, पुन्हा ओढून घ्यायला अख्खी शिफ्ट धावते. त्यामुळे इथे डीजीने लगेच उठायला हवं, हे मला मान्य आहे. ऑटो पॅनेलवर माझा राग नाही. त्याला झोपवल्याशिवाय त्याच्या अंगावर माणूस चढवतात, त्यावर आहे.

डिझेल इंजिन बंद करणं हे पेट्रोलच्या गाडीची चावी फिरवण्याइतकं सोपं का नाही, हे जरा सांगतो. पेट्रोल इंजिनात ठिणगी तोडली की काम संपलं. डिझेलमध्ये ठिणगीच नसते. रुडॉल्फ डिझेलने 1897 मध्ये जर्मनीत ऑग्सबर्गला जे इंजिन चालवून दाखवलं, त्याचं सूत्र आजही तेच आहे: हवा इतकी दाबायची की तापून तिच्यात तेल आपोआप पेटावं. हे थांबवायचं तर तेल तोडा, नाहीतर हवा तोडा. तिसरा मार्ग नाही. तेल तोडायला पंपावर सोलेनॉइड असतो. काही जुन्या सेटवर तो उलट्या पद्धतीचा असतो, म्हणजे करंट मिळाला तरच तेल तोडतो. बॅटरी बसली किंवा वायर निघाली की तुम्ही स्टॉपचं बटण दाबत बसा, इंजिन आपलं चालूच. अशा वेळी पंपावरचा लिव्हर हाताने ओढावा लागतो. तो लिव्हर कुठे आहे हे रात्रपाळीच्या ऑपरेटरला विचारून बघा. मी विचारतो, आणि पुष्कळदा टॉर्च घेऊन शोधाशोध सुरू होते.

बंद करण्याची रीतही आता घाईत बिघडली आहे. लोड काढायचा, ब्रेकर पाडायचा, मग तीन ते पाच मिनिटं इंजिन लोडशिवाय चालू द्यायचं आणि मग थांबवायचं. याचं कारण टर्बो. त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या आसपास फेऱ्या घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. फुल लोडवरून इंजिन एकदम तोडलं की ऑइल पंप थांबतो, पण शाफ्ट अजून फिरत असतो आणि टर्बोची घागर तापून लाल झालेली असते. आतलं ऑइल जळून त्याचा कोळसा होतो, बेअरिंग खाल्लं जातं. पाण्याचा पंप आणि पंखाही थांबल्याने हेडची उष्णता जिथल्या तिथे कोंडते. पॅनेलमध्ये यासाठी कूल-डाऊनचा टायमर असतो. डिझेल वाचवायचं म्हणून तो शून्यावर आणून ठेवलेला मी पाहिला आहे. त्या पाच मिनिटांत पाचशे केव्हीएचा सेट लिटर-दीड लिटर डिझेल पीत असेल. नवा टर्बो काय भावाला पडतो, हे परचेसवाल्यांना ठाऊक असतं.

आणि हो, इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण रोजच्या वापराचं नाही. आग, ऑइलचा दाब शून्य, आतून ठोकल्यासारखा आवाज, माणूस अडकला, असं काही असेल तर क्षणभरही थांबू नका, दाबा. एरवी चालत्या इंजिनावर त्याला हात लावू नका.

इंजिन थांबल्यावर खरी शिस्त सुरू होते. पॅनेल ऑफवर, इमर्जन्सी बटण दाबलेलं, ब्रेकर बाहेर आणि त्याला कुलूप. दोन डीजी सिंक करून चालवत असतील तर दुसऱ्या सेटमुळे बसबार जिवंत असतो, म्हणून हा ब्रेकर महत्त्वाचा. मग बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा. इथे नव्या सेटची एक गंमत आहे. 1 जुलै 2023 पासून आठशे किलोवॉटपर्यंतच्या नव्या जनित्रांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सीपीसीबी फोर प्लस हे निकष लागू झाले, त्यामुळे बऱ्याच सेटना धुरावर युरियाचं पाणी फवारणारी यंत्रणा आली. इंजिन थांबल्यावर ती यंत्रणा आपल्या नळ्यांतलं उरलेलं पाणी परत टाकीत ओढून घेते. ते होण्याआधी बॅटरी तोडली तर उरलेल्या युरियाचे खडे नळीत जमतात. तेव्हा बॅटरी तोडायचीच, पण काही मिनिटं थांबून.

बॅटरी काढली म्हणजे कॅनोपीत, म्हणजे सेटच्या पेटीत, करंट नाही असं समजणारे माझ्या ओळखीचे अनुभवी लोक आहेत. इंजिन गरम ठेवणारा जॅकेट हीटर आणि बॅटरीचा चार्जर बाहेरच्या लाईनवर चालतात, म्हणजे दोनशे तीस व्होल्ट तिथेच असतात. रेडिएटरचं झाकण गरम असताना फिरवू नये, हे सगळे सांगतात. आतलं कूलंट दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि झाकण सैल होताच सगळंच्या सगळं एकदम उकळून तोंडावर येतं, हे कमी लोक सांगतात. कॉमन रेलच्या इंजिनात तेलाचा दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो. तिथे गळती हाताने चाचपायची नाही, पुठ्ठा धरून बघायची. ती धार हातमोजा भेदून कातडीत शिरते, बाहेरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं, आणि तो माणूस मलम लावून घरी जातो. त्याला तडक सर्जनकडे न्यायला हवं, उशीर झाला तर बोट किंवा हात जातो. इंजिन बंद करून दहा मिनिटं दाब उतरू द्यावा आणि मगच पाइपला पाना लावावा.

आता कायद्याचं. 1948 च्या कारखाना कायद्याच्या 21व्या कलमात प्राइम मूव्हरचा फिरणारा प्रत्येक भाग आणि फ्लायव्हील जाळीत बंद हवं, असं होतं. 22व्या कलमात चालत्या यंत्राजवळ जाणारा माणूस खास प्रशिक्षित हवा, त्याचे कपडे अंगाबरोबर हवेत आणि त्याचं नाव नोंदवहीत हवं. 1976 च्या दुरुस्तीने 24व्या कलमात आणखी एक वाक्य आलं: वीज तोडणारं साधन चुकून बंदवरून चालूवर जाऊ शकत असेल तर ते बंद स्थितीत कुलपाने अडकवण्याची सोय करावी. म्हणजे मी जे मागतोय ते या देशात पन्नास वर्षांपूर्वी लिहून झालं आहे. आता कामगार संहिता आल्या, कलमांचे आकडे बदलले. फॅन बेल्ट तोच आहे.

मसाटच्या एका कारखान्यात, नाव लिहीत नाही, एका हेल्परची दोन बोटं बेल्ट आणि पुलीच्या मध्ये गेली. सेट ऑटोवर होता आणि लाईट गेली. जाळी आधीच्या सर्व्हिसिंगला काढली होती, ती भिंतीला टेकवलेली होती. नंतर कागदावर कारण आलं: कामगाराचा निष्काळजीपणा. मला त्या शब्दाचा संताप येतो. तो पोरगा ठेकेदाराचा, जेमतेम नवीन. पॅनेलला हात लावायची त्याला परवानगी नव्हती, ते कंपनीच्या इलेक्ट्रिशियनचं काम. इलेक्ट्रिशियन जेवायला गेला होता. सेट ऑफ करायचा अधिकार एकाकडे, आत हात घालायची जबाबदारी दुसऱ्याकडे, आणि दोघांचे पगार वेगवेगळ्या रजिस्टरवर. निष्काळजीपणा होताच, पण तो बोटं गमावलेल्या पोराचा नव्हता.

आमच्या कामाची घडीच अशी बसली आहे. डीजीचा सालाना करार एका कंपनीशी, ती माणसं घेते ठेकेदाराकडून, ठेकेदार हेल्पर उचलतो नाक्यावरून. कुणी ओडिशाचा, कुणी बिहारचा, कुणी खानवेल-मांदोनीकडचा वारली पोरगा, मराठी शाळेत शिकलेला. आणि कॅनोपीवरची सूचना इंग्रजीत. शिफ्ट बदलायच्या आत उरका, असा तगादा. अशा ठिकाणी शिस्त माणसांच्या आठवणीवर सोडली तर ती टिकत नाही. कुलूप मात्र जेवायला जात नाही.

इंजिन बेफाम होणं हा आणखी एक प्रकार आहे, आणि रासायनिक कारखान्यांच्या या पट्ट्यात तो विसरून चालणार नाही. टर्बोचं सील गेलं की इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून जाळायला लागतं. जवळपास सॉल्व्हंटची वाफ असेल तर ती हवेबरोबर आत जाते. मग डिझेल तोडलं तरी उपयोग नाही, वेग चढतच जातो आणि इंजिन फुटू शकतं. तिथे हवाच तोडावी लागते: एअर क्लीनरच्या तोंडावर जाड पत्रा किंवा प्लायवूड आडवं, किंवा हवेच्या नळीत सीओटू. हात नाही, फडकं नाही. फडकं आत ओढलं जातं. तेवढंही जमत नसेल तर पळा, इंजिन मालकाचं आहे. अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत 23 मार्च 2005 रोजी 15 माणसं मेली. तिथे चालू ठेवलेल्या एका डिझेल पिकअपने वाफ ओढली, त्याचं इंजिन बेफाम झालं आणि बहुधा त्यातूनच आग लागली, असं तपासात आलं. सॉल्व्हंटच्या ड्रमांना खेटून डीजी रूम बांधणाऱ्यांनी हवा तोडणारा व्हॉल्व्ह बसवून घ्यावा. नव्या कारखान्याच्या नकाशातच डीजी ड्रमांपासून लांब ठेवावा.

देखभालीबद्दल थोडं. आता इथे पूर्वीइतकी लाईट जात नाही, आणि त्यामुळे डीजी कोपऱ्यात पडून राहतात. पडून राहिलेला डीजी जास्त बिघडतो. आपल्याकडचा पावसाळा म्हणजे डिझेलच्या टाकीत ओल धरणारच. टाकी भरलेली ठेवा, सेपरेटरचं पाणी सोडा. महिन्यातून एकदा अर्ध्या-पाऊण लोडवर चालवा. रिकामं चालवून "टेस्ट झाली" असं लिहू नका. कमी लोडवर तेल पुरतं जळत नाही, सायलेन्सरमधून काळं पाझरतं, सिलिंडरला चकाकी येते. त्याच दिवशी बंद करण्याची आणि कुलपाची सगळी रीत ऑपरेटरकडून करून घेता येते. वेगळ्या प्रशिक्षणाचा खर्च नको. काळं ऑइल हे 2016 च्या नियमांनुसार घातक कचरा आहे, ते परवानाधारकालाच द्यायचं. नाल्यात सोडलेलं ऑइल दमणगंगेत जातं, आणि ती नदी इथून पुढे वापी, दमणला जाते.

कारखाना निरीक्षकांना एक विनंती. तपासणीला आलात की फायलींच्या आधी डीजी रूममध्ये या, आणि ऑपरेटरला फक्त एवढंच म्हणा: हा सेट बंद करून दाखव, कुलूप लाव, तुझ्या खिशातली चावी मला दाखव. दहा मिनिटांत कळेल ते महिन्याभराच्या रिपोर्टात कळणार नाही. मालकांनो, चांगलं कुलूप दोन-तीनशे रुपयांना मिळतं, प्रत्येक फिटरला एक द्या, त्यावर त्याचं नाव रंगवा, आणि दुसरी चावी ऑफिसात ठेवू नका. आणि माझ्या धंद्यातल्या पोरांनो, कुलूप लावू देत नसतील तर हत्यारं पेटीत भरा आणि बाहेर बसा; ठेकेदाराचा फोन येईल, त्याला माझं नाव सांगा.