आवाज वाढविण्यापूर्वी ताळमेळ

1975 साली ‘शोले’ प्रदर्शित झाला आणि लॅमिंग्टन रोडवरील मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षे चालला. 70 मिलिमीटरच्या भव्य पडद्याइतकेच त्यातील स्टिरिओफोनिक ध्वनीचेही आकर्षण होते. चोहोबाजूंनी येणारा आवाज ऐकावयाचा तर तिकीट काढून चित्रपटगृहातच जावे लागे. आज त्याच रस्त्यावरील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तशा ध्वनीची यंत्रणा खोक्यात भरून मिळते. एक रिसीव्हर, पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजेच ज्याला 5.1 म्हणतात तो संच, गिरगाव किंवा दादरच्या घरातील दिवाणखान्यात दुपारपर्यंत बसविलाही जातो.

अडचण सुरू होते ती रात्री. चित्रपटातील स्फोटाने कपाटाची काच थरथरते, पण लगेच पुढच्या प्रसंगातील हळू बोललेले वाक्य घरातील वडीलधाऱ्यांच्या कानापर्यंत पोहोचत नाही. आजोबा विचारतात, ‘‘काय म्हणाला तो?’’ नातू आवाज वाढवितो. पुढचा पाठलाग सुरू होताच खालच्या मजल्यावरून फोन येतो. नातू आवाज कमी करतो आणि आजोबा पुन्हा मुकाट बसून राहतात. काही दिवसांनी ते ‘‘तुम्ही पाहा’’ असे म्हणून आतल्या खोलीत निघून जातात. सर्वांनी एकत्र बसावे म्हणून घेतलेल्या वस्तूने घरातील एक माणूस उठून जावा, ही गोष्ट किरकोळ नव्हे. यात बहुतेक वेळा दोष यंत्राचा नसतो आणि आजोबांच्या कानांचाही पूर्णपणे नसतो. यंत्राची मांडणी अपुरी राहिलेली असते.

वाढत्या वयात उंच पट्टीचे ध्वनी प्रथम क्षीण होतात. स, श, त, फ यांसारखी व्यंजने ओळखू येतात ती याच ध्वनींच्या आधारे. त्यामुळे ‘आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत’ ही ज्येष्ठांची तक्रार अक्षरशः खरी असते. त्यातच सबवूफरचा घुमणारा खर्ज शब्दांना झाकोळून टाकतो. मुख्य आवाज वाढविला की शब्दांबरोबर खर्जही तितकाच वाढतो आणि मूळ दुखणे कायम राहते.

चित्रपटातील संवाद प्रामुख्याने मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. तेव्हा पहिली तपासणी त्याचीच करावी. तो टीव्हीच्या कपाटात आत ढकललेला नसावा. फळीच्या कडेशी आणून त्याचे तोंड बसणाऱ्यांच्या कानांकडे किंचित कलते करावे. नंतर रिसीव्हरच्या दर्शनी पट्टीवर ‘डॉल्बी डिजिटल’ किंवा ‘मल्टिचॅनेल’ अशी अक्षरे उमटतात का, ते पाहावे. टीव्हीकडून केवळ स्टिरिओ येत असेल, तर सेंटरकडे स्वतंत्र संवाद पोहोचतच नाही. अशा वेळी टीव्हीच्या ध्वनी-पर्यायांत ‘बिटस्ट्रीम’ निवडावे. ते शक्य नसेल, तर रिसीव्हरवर ‘डॉल्बी सराउंड’ लावावे. सर्व स्पीकरमधून एकच आवाज देणारा ‘ऑल चॅनेल स्टिरिओ’ हा पर्याय समारंभातील गाण्यांसाठी ठीक. चित्रपटासाठी तो टाळावा.

यानंतर स्वयंचलित मोजणी. डेनॉन व मरांट्झच्या अनेक रिसीव्हरमध्ये ‘ऑडिसी’, तर यामाहामध्ये ‘वायपाओ’ या नावाने ही सोय असते आणि तिच्यासाठी छोटा मायक्रोफोन खोक्यात येतो. अनेक घरांत तो उघडलाही जात नाही. पंखा व वातानुकूलन यंत्र बंद करून, रस्त्यावर वर्दळ नसताना, मायक्रोफोन बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर तिकाटण्यावर ठेवावा. सोफ्याच्या पाठीवर टेकवून ठेवू नये.

यंत्राने काढलेले आकडे मात्र हिशेबनीसाने आणलेल्या ताळेबंदाप्रमाणे एकदा स्वतः तपासावेत. पहिला आकडा अंतराचा. ध्वनी सेकंदाला सुमारे 345 मीटर जातो. समोरचा स्पीकर 10 फुटांवर आणि बाजूचा 4 फुटांवर असेल, तर बाजूचा आवाज सुमारे 5 मिलिसेकंद आधी पोहोचेल. अंतर योग्य भरले की यंत्र जवळच्या स्पीकरला तेवढे थांबवून धरते. दुसरा आकडा क्रॉसओव्हरचा. लहान स्पीकर ‘स्मॉल’ ठरवून 80 हर्ट्झच्या खालचा खर्ज सबवूफरकडे सोपवावा. ‘स्मॉल’ शब्दाने कमीपणा वाटून घेऊ नये. जड ओझे ज्याला पेलते त्याच्याकडे दिले, इतकाच त्याचा अर्थ. तिसरा आकडा लेव्हलचा. मोजणी झाल्यावर केवळ सेंटरची पातळी 2 ते 3 डेसिबलने वाढवावी आणि सबवूफरची तेवढीच उतरवावी. बहुतेक घरांत एवढ्यानेच संवाद मोकळे होतात.

डेसिबलचा हिशेब चक्रवाढीसारखा आहे. 3 डेसिबल वाढले म्हणजे विद्युतशक्ती दुप्पट लागते. आवाज कानाला साधारण दुप्पट वाटावा यासाठी 10 डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. म्हणून मुख्य आवाज सरसकट वाढविण्यापेक्षा एका स्पीकरमधील छोटा बदल पुष्कळ स्वस्तात पडतो.

सबवूफर कोपऱ्यात ठेवला की खर्ज फुगतो. त्याची जागा ठरविण्याची एक सोपी रीत आहे. तो घटकाभर आपल्या बसण्याच्या जागी ठेवून गाणे लावावे आणि खोलीत फिरत, कान खाली नेऊन ऐकावे. जिथे खर्ज स्वच्छ व आटोपशीर वाटेल, ती त्याची जागा. त्याच्या पायांखाली जाड रबर घातल्यास जमिनीत उतरणारा कंप काहीसा कमी होतो.

रात्रीसाठी ‘नाईट मोड’ किंवा ‘डायनॅमिक रेंज’ हा पर्याय असतो. तो मोठे आवाज दाबतो व हळू आवाज उचलतो. संवाद आणि स्फोट यांतील दरी त्यामुळे कमी होते. लालबाग-परळच्या चाळींत, जिथे दोन बिऱ्हाडांत एकच भिंत, तिथे तो रात्री लावलेलाच असावा. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या काळात 45 डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज घराच्या हद्दीवर या पातळीपेक्षा 5 डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये. मोबाइलवरील मापक अचूक नसला, तरी दाराबाहेर उभे राहून घेतलेल्या नोंदीवरून अंदाज येतो. कायद्याआधी शेजारधर्म आहेच. सबवूफर चालू असताना एकदा खालच्या मजल्यावर जाऊन स्वतः ऐकणे हे कोणत्याही मापकापेक्षा उपयोगी ठरते.

शेवटची कसोटी आजोबांच्या खुर्चीवर घ्यावी. स्फोटांचा किंवा पाठलागाचा प्रसंग निवडू नये. दोन माणसे हळू आवाजात बोलत आहेत असा प्रसंग लावावा आणि मध्ये न विचारता त्यांना शब्द कळतात का, ते पाहावे. न कळल्यास सेंटर आणखी 1 डेसिबल वर न्यावा. समाधान झाले की सर्व आकडे तारखेसह एका चिठ्ठीवर लिहून रिसीव्हरच्या बाजूला चिकटवावेत. मुले रिमोटशी खेळतात, वीज जाते-येते, सेटिंग पुसली जाते. चिठ्ठी असली की पाच मिनिटांत जुनी घडी पुन्हा बसविता येते.