ट्रेडमिल डेस्क घ्यायचाय? आधी आठ दिवस फोनवर बोलताना चाला!

धंदा सुरू केला की पहिल्या वर्षात दोन गोष्टी हमखास वाढतात: उधारी आणि पोट! सकाळी लॅपटॉपसमोर बसलो की कोटेशन, जीएसटी, व्हॉट्सअॅपवरच्या ऑर्डरी... उठतो ते थेट जेवायलाच. मग एक दिवस कंबर धरते. नोकरीत आजारपणाची रजा असते. आपण आडवे झालो, की शटर खाली. म्हणून ट्रेडमिल डेस्कचा विचार मला चैनीचा वाटत नाही. पण तो कधी घ्यायचा, याबाबत माझं मत स्पष्ट आहे.

आधी हे यंत्र समजून घ्या. उभ्याने काम करायचं उंच टेबल आणि खाली सपाट ट्रेडमिल. यावर धावायचं नसतं, ताशी दीड ते तीन किलोमीटरने रमतगमत चालायचं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. जेम्स लेव्हिन यांनी ही कल्पना लोकप्रिय केली. 2007 मधल्या त्यांच्या अभ्यासात लठ्ठ व्यक्तींनी ताशी पावणेदोन किलोमीटरने चालत काम केलं, तेव्हा बसून काम करण्यापेक्षा तासाला 100 हून थोड्या जास्त कॅलरी खर्च झाल्या.

फायदा आहेच. पण चालताना टायपिंग आणि माउसचं काम मंदावतं. बिलात एक शून्य जास्त पडलं तर? म्हणजे हिशेबाचं काम बसूनच करायचं. चालताना जमतात ते फोन, ऑनलाइन मीटिंग आणि व्हिडिओ बघणं.

आता धंदेवाईक हिशेब करू. समजा यंत्र 20 हजारांना पडलं. रोज दोन तास, वर्षात 300 दिवस वापरलं तर 600 तास होतात, म्हणजे पहिल्या वर्षी तासाला साधारण 33 रुपये. उत्साह 20 दिवसांत संपला तर 40 तास, म्हणजे तासाला 500 रुपये! यंत्र तेच, किंमतही तीच. फरक फक्त सवयीचा.

म्हणून आधी आठ दिवस प्रत्येक फोन चालत घ्या. गच्चीवर, गॅलरीत, दुकानासमोर, कुठेही. रोजची मिनिटं वहीत लिहा. रोज तासभर भरत असेल, हातात शिल्लक असेल, तर खुशाल घ्या. भरत नसेल, तर यंत्र पलंगाखाली धूळ खाणार. आणि हप्त्यावर तर नकोच. पहिल्या वर्षी तो पैसा मालात फिरू द्या.

अजून एक. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. डेस्कवरचं संथ चालणं त्यात धरू नका. त्यासाठी भरभर चालावंच लागतं. गुडघे किंवा बीपीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा.

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण धंद्यात प्रत्येक हौसेचं बिल येतं. पुढचा फोन वाजला की खुर्ची सोडा. त्याला एक रुपयाही लागत नाही!