रक्त अडवून व्यायाम?

आमच्या भाच्याच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि दोन महिन्यांत त्या पायाची मांडी वाळून गेली. वजन उचलल्याशिवाय स्नायू भरत नाही, आणि कच्चा गुडघा वजन सोसत नाही. फिजिओथेरपिस्टनी बीपी मोजतात तसा रुंद पट्टा मांडीला बांधून हवा भरली, तेव्हा अम्मी घाबरल्या, "अरे, रक्तच अडवलं की!"

अडवतात खरे, पण अर्धवट. पायात येणारे रक्त कमी होते, परतणारे बरेचसे थांबते. ऑक्सिजन कमी पडल्याने स्नायू हलक्या वजनानेही दमतो आणि वाढीला लागतो. एरवी ताकदीच्या ७० टक्के वजन लागते, इथे २० ते ३० टक्के पुरते. आधी ३० वेळा, मग १५-१५ वेळा तीनदा, मध्ये अर्धा मिनिट दम.

ही कल्पना जपानच्या योशिआकी सातो यांची. १९६६ मध्ये एका बौद्ध विधीत ते गुडघे दुमडून, आपण नमाजात बसतो तसे, बराच वेळ बसले. पोटऱ्या बधिर झाल्या, अगदी व्यायामानंतर ताठतात तशा! १९७३ मध्ये स्कीइंग करताना घोटा मोडला, तेव्हा त्यांनी स्वतःच्याच पायावर पट्टा वापरला.

दाब मात्र अंदाजाने देत नाहीत. त्या पायाचा प्रवाह पूर्ण कधी थांबतो हे मोजून त्याच्या ४० ते ८० टक्केच देतात. रक्ताची गाठ पूर्वी झाली असेल तर आधी सांगावेच लागते. भाचा घरी ओढणी आवळून बसला होता. ती आम्ही लगेच सोडवली.