पाणसळ

मराठी समीक्षेत 'माती' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. मातीतला लेखक, मातीचा वास, मातीशी नाळ ही विशेषणे पुस्तकाच्या मलपृष्ठापासून प्रबंधाच्या उपसंहारापर्यंत सारखीच फिरताना दिसतात. शब्दाशी आमचे भांडण नाही. आमचे म्हणणे एवढेच की, तो इतक्या आत्मविश्वासाने वापरणाऱ्या वर्गाला हीच माती घराच्या जोत्यात शिरली म्हणजे काय करते, याची सहसा कल्पना नसते; आणि ही अनभिज्ञता त्याच्या वाचनातही उतरते.

धाराशिव जिल्ह्याचेच पाहा. येथील काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. जोत्यात भर म्हणून तीच लोटलेली असेल, तर वर शहाबादी फरशी घाला की सिमेंटचा कोबा करा, जमीन एका कोपऱ्यात उचलते, दुसऱ्यात खचते. सांडलेले पाणी मोरीकडे न जाता कणगीखाली जाऊन बसते. अशी एक खोली आम्ही स्वतः समतल केली. फरशा एकेक करून उचलल्या, त्यांवर खडूने क्रमांक घातले, खालची काळी माती हात-दीड हात खोल काढून टाकली आणि तेथे मुरूम भरला. मुरूम एकदम भरून चालत नाही. वीतभर थर, त्यावर पाणी, मग धुम्मस. पुन्हा वीतभर थर. चार दिवस धुम्मस चालवल्यावर 'भुई धोपटणे' हा वाक्प्रचार निरर्थक खटाटोपासाठी वापरताना जीभ जरा अडखळते.

या कामात सर्वांत आधी रद्द होतो तो डोळ्यांवरचा विश्वास. भिंतीची खालची कड, उंबरा, खिडकीची चौकट हे सारे थोडे थोडे तिरके असते आणि डोळा त्यांच्याच आधाराने सपाटी ठरवतो. म्हणून पाणसळ लागते. तिचे आजचे रूप म्हणजे पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. आतला हवेचा बुडबुडा काढून टाकावा, दोन्ही टोके दोन भिंतींशी धरावीत. पाणी स्थिरावले की दोन्हीकडची पातळी एकच. चारही भिंतींवर अशा खुणा करून दोरी ताणली, की पहिल्यांदा कळते आपण इतकी वर्षे किती उतारावर राहत होतो. अर्थात अगदी सपाट जमीनही कामाची नाही. धुण्याच्या जागी दर चार फुटांस अर्धा इंच उतार ठेवावा लागतो, आणि तो पायाला जाणवू नये हीच त्यातली कसोटी.

पूर्वी मातीच्या जमिनीवर हे काम रोजच्या रोज बायका करीत. सारवण्याला आपण सौंदर्यदृष्टी म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात ती दुरुस्ती होती. पोतेरे फिरवताना तळव्याला लागलेला खळगा शेणमातीच्या पुढच्या हाताने भरून निघे. या तळव्याच्या ज्ञानाला आपल्या समीक्षेत परिभाषा नाही, आणि ती नसल्याची खंतही कोठे दिसत नाही.

आता हे वाचनात कसे उतरते ते सांगतो. तेर याच जिल्ह्यातले. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, ही परंपरेने चालत आलेली कथा प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. वर्गात तिचा अर्थ ठरलेला: कच्चे म्हणजे उणे, गुरूविना अपुरे. पण थापटणे हे मुळात भाजलेल्या मडक्याचे हत्यार नव्हेच. ओलसर मडक्याला आतून आधार देऊन बाहेरून थापटत त्याची भिंत पातळ करायची, पोट फुगवायचे, यासाठी ते असते. भाजलेले मडके बोटाच्या पेराने वाजवूनही कळते. त्यावर थापटणे चालवले तर ते फुटेल. मग कुंभाराने हातात थापटणे घेणे आणि समोरच्यास 'कच्चा' म्हणणे यात केवळ अधिक्षेप आहे काय? की ज्याला अजून आकार देता येईल असा मंडळीत हा एकच, असेही त्यातून निघते? आमचा अर्थच खरा असा आग्रह नाही. परंतु हा प्रश्न आम्हांस ग्रंथालयात पडला नाही. बसवलेल्या फरशा थापीच्या मुठीने ठोकून कोणती भरीव वाजते आणि कोणती पोकळ, हे ऐकत असताना पडला.

याच्या उलट बाजूही आहे, आणि ती या भागात विसरता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातली आणि सास्तूरसारखी या जिल्ह्यातली गावे झोपेतच गाडली गेली. मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितली जाते. त्यानंतर सारा दोष दगडमातीच्या घरावर आला. तो काही अंशी खरा होता. दोन-दोन फुटांहून जाड भिंती, आत-बाहेर गोल दगडांचे दोन वेगळे पापुद्रे, त्यांना जोडणारा आरपार दगड नाही, आणि माळवदावर मातीचा दीड-दोन फुटांचा बोजा. हा बोजा एका वर्षात आला नव्हता. छप्पर गळू नये म्हणून वर्षानुवर्षे घरच्या माणसांनीच तो हौसेने चढवला होता. स्वतःच्या हाताने केलेली दुरुस्ती आपोआप शहाणी ठरत नाही. तिलाही मोजमाप लागते. परंतु त्याच घरांत जेथे लाकडी खांब-तुळयांचे खण भिंतींपासून स्वतंत्र उभे होते, तेथे अनेकदा भिंती कोसळूनही माळवद खांबांवर तरले, हेही त्या वेळच्या पाहण्यांत नोंदले गेले.

पुढे पुनर्वसनाचे दोन मार्ग झाले. पूर्ण उद्ध्वस्त झालेली बावन्न गावे दुसरीकडे हलवून तेथे तयार घरे देण्यात आली. इतर गावांत सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांनीच सरकारी अर्थसाहाय्य आणि अभियंत्यांचा सल्ला घेऊन करायचे होते: माळवदावरची माती कमी करणे, भिंतीत आरपार दगड बसवणे, भिंतींना वरून काँक्रीटचा पट्टा बांधणे, खांब-तुळयांच्या कोनात तिरके टेकू देणे. भूकंपावरच्या आपल्या लेखनात पहिल्या मार्गाची, उजाडलेल्या गावाची आणि परक्या वाटणाऱ्या घराची वेदना येते. ते योग्यच आहे. दुसऱ्या मार्गावर मात आमच्या वाचनात फारसे काही आलेले नाही. ज्याने मेलेल्यांना बाहेर काढले, त्याच माणसाने नंतर शिडीवर चढून स्वतःच्या माळवदावरची माती उतरवली, यात एखाद्या कादंबरीला पुरेल इतके काही नाही काय?

एक आक्षेप आम्हांस वारंवार ऐकावा लागतो: नोकरदार माणसाने थापी हाती घेणे म्हणजे गवंड्याच्या पोटावर पाय. यातली कळकळ खरी मानली तरी हाच वर्ग पुढच्या क्षणी रोजावरून घासाघीस करताना दिसतो. दुसरे असे की, हाताचे काम अमुक जातीचे आणि पोथी अमुक जातीची या वाटणीनेच आपल्याकडे शिकलेल्याचा हात रिकामा ठेवला. तो रिकामेपणा आता गरिबांच्या कळवळ्याचे रूप घेऊन समोर येत असेल, तर त्याबाबत सावध असावे. आमच्या खोलीला आम्हां दोघांचे अकरा दिवस लागले. गवंडी आणि त्याचा मदतनीस यांनी ते तीन दिवसांत उरकले असते. उरलेल्या आठ दिवसांचे मोल काय, हे आता रोज देताना नेमके आठवते.

कोणास करून पाहायचे असल्यास दिवाळीच्या आगेमागे करावे. तेव्हा काळी माती फार फुगलेली नसते, फार आकसलेलीही नसते. आधी एकच फरशी उचलून खाली काय आहे ते पाहावे, आणि नळीत बुडबुडा राहिलेला नाही याची दोनदा खात्री करून घ्यावी.