माजी विद्यार्थ्यांचे औदार्य आणि सरकारचे पलायन

ह्यूस्टन, अटलांटा, लंडन अशा शहरांत, हॉटेलांची सभागृहे भाड्याने घेऊन, नायजेरियातील जुन्या माध्यमिक शाळांच्या माजी विद्यार्थ्यांची संमेलने भरतात. कोणी डॉक्टर, कोणी अभियंता, कोणी परिचारिका, कोणी हिशेबतपासनीस. एकाच कापडाचे पोशाख मुद्दाम शिवून घेतलेले असतात. शाळेचे गीत उभ्याने म्हटले जाते. वसतिगृहात भोगलेल्या शिक्षांच्या कथा पुन्हा एकदा रंगतात. जोलोफ भाताच्या पंगती उठतात आणि अखेरीस शाळेसाठी निधीचे आवाहन होते. कूपनलिका, ग्रंथालय, संगणक, गळक्या छपराची दुरुस्ती. या मंडळींचे शाळेवरील प्रेम खोटे आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु ज्या गोष्टीला प्रेम म्हणून दाद द्यावी, तिलाच आता शैक्षणिक धोरण म्हणून डोक्यावर घेतले जात आहे, आणि तेथे समाजवाद्यांनी हरकत घेतलीच पाहिजे.

उमुआहियाच्या गव्हर्नमेंट कॉलेजचेच उदाहरण घ्यावे. नाव कॉलेज असले तरी ती माध्यमिक शाळा. ब्रिटिशांच्या वसाहत सरकारने ती १९२९ साली काढली. साम्राज्याला विश्वासू कारकून आणि कनिष्ठ अधिकारी हवे होते, हा हेतू उघड होता. पण राज्यकर्त्यांच्या हेतूबरहुकूम चालण्याची विद्येला सवय नाही. चिनुआ अचेबे तेथे शिकले, कवी क्रिस्टोफर ओकिग्बो शिकले, आणि नायजर नदीच्या मुखप्रदेशात शेल कंपनीने मांडलेल्या विध्वंसाविरुद्ध ओगोनी जनतेला उभे करणारे, त्यापायी लष्करी राजवटीने १९९५ साली फासावर चढवलेले केन सारो-विवाही तेथलेच. (शेलचे अमेरिकेतील मुख्यालय ह्यूस्टनमध्येच आहे, हा योगायोग.)

अशा शाळांचा खर्च कोणी सोसला? कोको, शेंगदाणा आणि पाम तेल पिकवणाऱ्या शेतकऱ्याने. दुसऱ्या महायुद्धानंतर स्थापन झालेली सरकारी विक्री मंडळे त्याचा माल जागतिक भावापेक्षा कमी दराने घेत आणि मधला नफा सरकारी तिजोरीकडे वळे. ओबाफेमी अवोलोवो यांनी १९५५ साली पश्चिम प्रांतात मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, त्यालाही याच शेतकऱ्याच्या घामाचा आधार होता. त्यातील कित्येकांच्या पोरांनी नामांकित माध्यमिक शाळेचे फाटकही कधी ओलांडले नाही. आज ह्यूस्टनमध्ये जो 'स्वकर्तृत्वाने वर आलो' असे म्हणतो, त्याच्या कर्तृत्वात या अनाम भागीदारांचे भांडवल आहे. हा हिशेब संमेलनाच्या स्मरणिकेत छापला जात नाही.

पुढे तेलाचा पैसा आला. १९७६ साली सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाची योजना देशभर निघाली. शिक्षक अपुरे पडले तेव्हा घानातून आले, भारतातूनही गेले. मग तेलाचे भाव कोसळले, आणि १९८६ साली जनरल बाबंगिडा यांच्या राजवटीने 'संरचनात्मक समायोजन' स्वीकारले. नाव मोठे शास्त्रीय. अर्थ इतकाच की सरकारने खर्चातून हात काढायचा आणि चलनाला वाऱ्यावर सोडायचे. १९८० साली एक नायरा देऊन एक डॉलरहून अधिक मिळत असे. २०२४ मध्ये एका डॉलरला सुमारे १,५०० नायरा मोजावे लागत होते. पगाराची माती झाल्यावर प्राध्यापक आणि डॉक्टर देश सोडतात, यात त्यांच्या नीतिमत्तेचा प्रश्न नाही. पण ज्या घसरणीने त्यांना परदेशी धाडले, तिनेच त्यांना दाते बनवले, हे ध्यानात घ्यावे. नायजेरियात किमान वेतन २०२४ मध्ये महिना ७०,००० नायरा ठरले. संमेलनाच्या भोजनासाठी एखाद्याने १०० डॉलर खर्च केले, तर ते गावच्या मजुराचे दोन महिन्यांचे वेतन होते. अशा विषम विनिमयात औदार्य फार स्वस्त पडते.

आणि हे औदार्य जाते कोठे? ज्या शाळेचे विद्यार्थी परदेशी पोहोचले, त्याच शाळेकडे. म्हणजे जी आधीच पुढे होती तिच्याकडे. ईशान्येतील चिबोक गावच्या सरकारी कन्याशाळेतून २०१४ साली २७६ मुली पळवून नेल्या गेल्या. तशा गावातील शाळेसाठी अटलांटात कोणते सभागृह भरणार? युनेस्कोच्या २०२२ च्या अंदाजानुसार सुमारे दोन कोटी नायजेरियन मुले शाळेबाहेर आहेत. जे मूल शाळेतच गेले नाही, ते माजी विद्यार्थी तरी कसे होणार!

यावर ठरीव उत्तर येते: सरकार भ्रष्ट आहे, निदान हा पैसा तरी पोहोचतो. पोहोचतो, हे मान्य. परंतु केंद्रीय अर्थसंकल्पातील शिक्षणाचा वाटा वर्षानुवर्षे दहा टक्क्यांच्या खाली ठेवणाऱ्या सरकारला याहून सोयीचे काय असेल? सर्वांत बोलका, सुशिक्षित, जाब विचारू शकणारा वर्ग परदेशी गेला; २०२३ च्या निवडणुकीत त्याला तेथून मतदानाचाही हक्क नव्हता; उरलेला राग तो वर्गणी देऊन शांत करतो. २०१४ च्या अखेरीस अबिया राज्य सरकारने उमुआहियाची ती शाळाच माजी विद्यार्थ्यांनी उभारलेल्या विश्वस्त संस्थेकडे सोपवली. जनतेच्या पैशाने उभी राहिलेली संस्था तिच्या सर्वांत भाग्यवान लाभार्थ्यांच्या हाती गेली, आणि त्याला दुरुस्ती म्हटले गेले.

जगदीश भगवती हे काही समाजवादी नव्हेत. तरीही १९७०च्या दशकात त्यांनी असे सुचवले होते की, विकसित देशांत स्थायिक झालेल्या सुशिक्षितांच्या उत्पन्नावर कर बसवून तो मूळच्या गरीब देशांसाठी वापरावा. योजना व्यवहारात आली नाही. श्रीमंत देशांना ती नकोच होती. पण कर आणि देणगी यांतील भेद तिने नेमका दाखवला. देणगीदार आपली शाळा निवडतो. कराच्या पैशाचा विनियोग कायदेमंडळाला ठरवावा लागतो, आणि तेथे चिबोकचाही प्रतिनिधी बसतो.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना ही गोष्ट दूरची वाटण्याचे कारण नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये येथील सरकारने शाळा दत्तक देण्याची योजना काढलीच. देणगीदाराचे नाव शाळेला जोडण्याची सोयही तीत आहे. दत्तक मूल दिले जाते ते आईबाप नसतात तेव्हा, किंवा त्यांनी हात वर केले असतील तेव्हा. जिल्हा परिषदेच्या शाळेचे आईबाप मंत्रालयात बसलेले आहेत.

नायजेरियातच याहून वेगळी वाटही होती. ताई सोलारिन यांनी १९५६ साली इकेन्ने येथे मेफ्लॉवर ही निधर्मी शाळा काढली. मुलांनी शेती करावी, हातांनी काम करावे, हा तेथला नियम. कर्मवीर भाऊराव पाटलांना तो माणूस पाहताक्षणी ओळखू आला असता. पण शाळा चालवतानाच सोलारिन आयुष्यभर वृत्तपत्रांतून लिहीत राहिले, सत्ताधाऱ्यांना जाब विचारत राहिले आणि त्यासाठी लष्करी राजवटीत तुरुंगातही गेले. त्यांच्यासारख्या माणसाला संमेलनात प्रमुख पाहुणा म्हणून बोलावले, तर निधीच्या आवाहनाआधी तो काय विचारेल, याची कल्पना संयोजकांना असणारच.